इंजिनावरचा चहा

शिकवणी चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा माझा नियम. शिकणाऱ्यानं नाही अन् शिकवणाऱ्यानंही नाही. त्या दिवशी सकाळी कळंबच्या बाहेरच्या मैदानावर एका अंगणवाडीताईंना गाडी मागं घ्यायला शिकवत होतो. खिशातला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. ताई बावरल्या, त्यांचा पाय क्लचवरून निसटला अन् गाडी बंद पडली. मी वैतागून म्हणालो, "वाजू द्या हो, कुणी मेलं नाही!" ... जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. त्यांच्यानंतर आणखी दोघांची शिकवणी घेतली, मैदानातल्या बाभळीखाली बसून डबा उघडला, तेव्हा कुठं फोन पाहिला. येरमाळ्याहून रज्जाकभाईंच्या शबानाचे तीन फोन येऊन गेले होते अन् खाली एक ओळ होती : 'अब्बा गेले. दुपारच्या नमाजनंतर माती आहे.' डबा तसाच झाकला अन् निघालो. पोचलो तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत येत होती. कुणी हात झटकत होतं, कुणी रस्त्याकडेच्या नळावर हात धूत होतं. प्रत्येकानं तीन-तीन मुठी माती दिली होती. माझ्या मुठी तेवढ्या राहून गेल्या.

रज्जाकभाई मिस्त्री माझे कोण, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. मी मोटार ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस, ते माझ्या गाडीचे मिस्त्री. नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत, गावचेही नाहीत. पण वीस-बावीस वर्षं त्या माणसाच्या जिवावर मी दुसऱ्यांचे जीव शेजारी बसवून फिरलो, एवढं खरं. येरमाळ्यात अन् कळंबमध्ये आजही लोक म्हणतात, 'शेवटी शेवटी मिस्त्रीला काही उमगत नव्हतं, त्यानं मास्तरच्या गाडीचं इंजिन घालवलं.' मास्तर म्हणजे मीच. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी मला अन् आणखी एकाच माणसाला माहीत आहे, असं मला परवा-परवापर्यंत वाटत होतं. ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय. भाई गेले म्हणून चार गोड शब्द लिहावेत, एवढा मी गोड माणूस नाही. माझ्याकडं शिकलेल्यांना विचारा.

आमची गाठ पडली ती माझ्या पहिल्या गाडीपायी. कुणाची तरी वापरलेली, पांढरी, छोटी गाडी घेतली होती अन् डाव्या बाजूलाही क्लच-ब्रेक बसवून ड्रायव्हिंग स्कूलचा फलक लावला होता. शिकाऊ माणूस गाडीला काय काय करतो ते फक्त गाडीला अन् मला ठाऊक. दोन महिन्यांत ती धापा टाकायला लागली. कुणीतरी सांगितलं, येरमाळ्याला हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड आहे, तिथं दाखवा. भाई तेव्हा नुकतेच ढोकी सोडून आले होते. ढोकीत पंधरा वर्षं त्यांनी उसाच्या ट्रॅक्टरांची इंजिनं उघडली अन् मिटली. त्यांनी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं अन् हातभर लांबीचा पेचकस काढला. त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली अन् डोळे मिटले. एकदा इथं, एकदा तिथं. मला वाटलं, झोपला की काय हा माणूस. मग डोळे उघडून म्हणाले, "दोन नंबरचा प्लग आळशी झालाय, बाकी तिघं त्याचं वझं वढायलेत." प्लग बदलला, काहीबाही साफ केलं अन् समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. मी हात पुढं केला तर म्हणाले, "थांबा मास्तर, आधी हिला."

जाड काचेचा ग्लास, काठोकाठ चहा. तो त्यांनी चालू इंजिनाच्या वर, टॅपेट कव्हर म्हणतात त्या सपाट पत्र्याच्या झाकणावर अलगद ठेवला अन् दोन्ही हात मागं घेऊन उभे राहिले. आम्ही दोघं त्या चहाकडं बघत राहिलो. हायवेनं ट्रक चाललेले, धुरळा उडतोय अन् दोन बाप्ये एका ग्लासाकडं टक लावून उभे! चहा हलला नाही. वर एक सुरकुतीसुद्धा उमटली नाही. भाई म्हणाले, "चारी शिलेंडर सारखं वझं उचलायले तर चहा गप ऱ्हातो. एकानं जरी अंग चोरलं की चहा बोलतो." मग त्यांनी ग्लास उचलला, अर्धा चहा बशीत ओतून बशी माझ्या हातात दिली अन् ग्लासातला अर्धा स्वतः घेतला. बशी गाडीच्या मालकाला, ग्लास मिस्त्रीला, ही त्यांची रीत. ती त्यांनी कधी मोडली नाही. ग्लासाच्या बुडाचं गोल वळं त्या पत्र्यावर उमटलं, ते कधी पुसायचं नाही, हीही त्यांचीच रीत.

ट्रॅक्टर सोडून तुम्ही या छोट्या गाड्यांकडं कसे वळलात, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मास्तर, डिझेलनं डोस्कं खाल्लं हो माझं. घरी जाऊन पडलो तरी कानात धडधड चालूच. अन् हे बगा, चार शिलेंडरचं पेट्रोलचं लेकरू. चालू हाय का बंद, कळतंय का? कसं शांत!" मी मान डोलावली. पण मला ते इंजिन चांगलं ऐकू येत होतं. शिवणयंत्रासारखा आवाज होता त्याचा, बारीक पण एकसारखा. तेव्हा वाटलं, माणूस कौतुकानं वाढवून बोलतोय.

त्यांचं सगळं प्रेम त्या एका इंजिनावर होतं. इंजिनावर म्हणजे, त्याच्या घराण्यावर. हजार सीसीचं धाकटं, अकराशेचं मधलं, बाराशेचं थोरलं. गाड्यांची नावं वेगळी, तोंडं वेगळी, पण बॉनेट उघडलं की आत तीच ठेवण. भाई त्याला 'खानदान' म्हणायचे. दारात गाडी लागली की विचारायचे, "कितवं लेकरू?" कुठला पंप कुणाला चालतो, कुणाचं झाकण कुणाला बसतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. "धाकट्याला थोरल्याचा सदरा ढगळ व्हतो, पर टोपी बसती," असं सांगून हसायचे. मेलेल्या इंजिनाचे चांगले भाग काढून, तेल लावून, फडक्यात बांधून ठेवायचे. आमच्या भागात त्या गाड्या कुणी घेतल्या, तर शाळेतल्या बाईंनी, ग्रामसेवकानं, सोयाबीनच्या आडत्यानं. त्या सगळ्यांच्या घरात पहिल्यांदाच दाराशी आलेली चारचाकी. लोक नवी गाडी घेऊन डोंगरावरच्या येडाई देवीच्या दर्शनाला यायचे, चाकाखाली लिंबू, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, अन् डोंगरावरून उतरले की थेट भाईंच्या शेडला. कोऱ्या गाडीला काय झालंय? काही नाही. पण भाईंचा चहा व्हायला पाहिजे. देवीपुढं नारळ अन् भाईपुढं बॉनेट, असं ठरूनच गेलं होतं. भाई नमाजी माणूस, पण मंगळवारी अन् जत्रेच्या दिवसांत शेड एक दिवस बंद ठेवायचे नाहीत. "येडाईची पाव्हणी हायेत, त्येंची गाडी अडून कसं चालंल?" म्हणायचे.

या सगळ्यात तो लांब पेचकस कधी दिसेनासा झाला, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. पहिली काही वर्षं पेचकस अन् चहा दोन्ही असायचं. नंतर नुसता चहा. पेचकस भिंतीच्या खिळ्याला लटकून राहिला, त्याच्या मुठीवर धूळ बसली. मी महिन्याला एकदा तरी तिथं जात होतो, बशीतला चहा पीत होतो, अन् मला दिसलं नाही. भाई बोलताना तोंडाकडं बघतात, मागून हाक मारली तर वळत नाहीत, हेही दिसत होतं. मी म्हणायचो, कामात गढलेत. आम्ही शिकवणारे दुसऱ्याला दिवसभर सांगतो, आरशात बघा, आरशात बघा. स्वतः काय बघतो, तर कपाळ!

आता ती गोष्ट. चार वर्षं झाली असतील. तीच माझी पांढरी गाडी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवून दुरुस्त करायला भाईंकडं टाकली होती. त्यांनी काम केलं, चहा ठेवला, चहा हलला नाही, बशी माझ्या हातात आली. मी गाडी घेऊन निघालो. दुसऱ्या दिवशी शिकवताना एक आवाज कानावर आला. ठक... ठक... ठक... दारावर कुणीतरी बोटाच्या पेरानं वाजवावं तसा. गाडी उभी असताना नाही, वेग घेतला की यायचा. पिस्टनचा दांडा खाली जिथं क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या आसाला, धरतो, तिथं दोन पातळ अर्धगोल पत्र्यांची बेअरिंग असते. तेल पोचलं नाही की तो पत्रा झिजतो अन् दांडा ठोके द्यायला लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वीस वर्षं गाडीत बसणाऱ्या माणसाला एवढं कळतं. त्या वेळी येरमाळ्याच्या आरोग्य उपकेंद्रातल्या एक सिस्टर माझ्याकडं शिकत होत्या. त्यांनीसुद्धा विचारलं, "सर, हा आवाज कसला येतोय?" मी काय म्हणालो? "तुम्ही रस्त्याकडं बघा. भाईंनी चहा ठेवून दिलीय गाडी." असे पाच दिवस मी ती चालवली. पाच दिवस तो ठोका माझ्या या दोन धडधाकट कानांनी मी ऐकला अन् पाचही दिवस स्वतःला सांगितलं की, चहा पास झालाय.

सहाव्या दिवशी सिस्टरांना येरमाळ्याच्या घाटात नेलं. चढावर गिअर कसा बदलायचा ते दाखवत होतो. वळणाच्या अलीकडं ठोका एकदम मोठा झाला, काहीतरी करकरलं अन् इंजिन जागच्या जागी जाम. मागं भरलेला ट्रक. मी माझ्या बाजूचा क्लच दाबला, वाकून स्टिअरिंग हिसकलं अन् गाडी डोंगराच्या अंगाला घातली. ट्रक हॉर्न वाजवत शेजारून गेला, मध्ये हातभर जागा असेल नसेल. सिस्टरांची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती. एकेक बोट मला सोडवावं लागलं. त्यांच्या घरी दोन लहान मुली आहेत, हे त्या क्षणी मला आठवलं. मला भीती वाटली की मी ओरडतो. लहानपणापासूनची खोड आहे. अन् त्या दिवशी ओरडायला माणूस जवळच होता.

गाडी ओढून आणून भाईंच्या शेडपुढं टाकली. मंगळवार होता, देवीला आलेल्या गाड्या लागलेल्या, दहा-बारा माणसं उभी. भाई कुणाच्या तरी इंजिनावर चहा ठेवून उभे होते. मी तो ग्लास हातानं उडवला. म्हणालो, "बंद कर हे सोंग! बहिरा झालास का तू? एवढे ठोके पडायलेत इंजिनात, ते ऐकू येत न्हाय तुला, अन् चहा ठेवून लोकांला येडं बनवतोस? एक बाई मरत व्हती आज तुझ्यापायी!" वयानं आठ वर्षांनी मोठा माणूस, ज्याला मी जन्मात अरेतुरे केलं नव्हतं. भाईंनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. आता कळतं, ते ओठ वाचत होते. सगळं समजून घेतलं, खाली वाकून ग्लास उचलला, पायजम्याला पुसला अन् एवढंच म्हणाले, "चूक झाली मास्तर. इंजिन खोलतो."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! सिस्टर माझ्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली.

भाईंनी खानदानातल्या एका मेलेल्या गाडीचा क्रँक घातला, नव्या बेअरिंगा घातल्या, पंधरा दिवसांत गाडी उभी केली अन् ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती माझ्या दारात पाठवली. मी गेलो नाही. बॉनेट उघडून पाहिलं तर टॅपेट कव्हरवर चहाचं एक ताजं वळं होतं. बशी घ्यायला कुणी नसताना त्यांनी चहा ठेवला होता. माझा राग तेव्हाही उतरला नव्हता, किंवा खरं सांगायचं तर राग राहिलाच नव्हता, लाज होती. पण लाजेपेक्षा राग बरा दिसतो चारचौघांत. त्या मंगळवारी मी जे ओरडलो, ते दहा-बारा तोंडांनी दहा-बारा गावांत नेलं. मिस्त्री बहिरा झालाय, मिस्त्रीनं मास्तरचं इंजिन घालवलं. माझ्यासारखा रोज गाडीत बसणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर लोकांनी का ऐकू नये? नव्या गाड्या डोंगरावरून उतरून सरळ निघून जायला लागल्या. काही दिवसांनी मीही नवी गाडी घेतली. आता लहान गाड्यांना तीनच शिलेंडर येतात. येरमाळ्यावरून जाताना मी मान वळवायचो नाही. विद्यार्थ्याला सांगायचो, समोर बघा. अन् मीही समोरच बघायचो.

अशी तीन वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात सिस्टर कळंबच्या बाजारात भेटल्या. आता त्या स्वतःची गाडी चालवतात, चांगली चालवतात. म्हणाल्या, "सर, उपकेंद्रात कान तपासायचं शिबिर झालं. रज्जाकभाई आले होते. डाव्या कानानं त्यांना अजिबात ऐकू येत नाही, उजव्यानं अगदी मोठ्यानं बोललं तर. अन् हे आजचं नाही, डॉक्टर म्हणाले, वीसेक वर्षं हळूहळू चाललंय. त्या ट्रॅक्टरांपासूनच." मग म्हणाल्या, "आपल्याला दोघांनाही ऐकू येत होतं, सर." मेथीची जुडी पिशवीत टाकून निघून गेल्या. 'कसं शांत,' म्हणायचे ना... त्यांच्यासाठी सगळंच शांत होत चाललं होतं. अन् म्हणून चहा. कानानं नाही तर डोळ्यानं तरी कळावं म्हणून. आम्ही त्याला रीत समजलो, गंमत समजलो. पण चहा कंप दाखवतो, ठोका दाखवत नाही. तो ऐकावाच लागतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. निम्मं शेड बंद होतं, निम्म्यात भाई बाजेवर बसलेले. शेजारी दोन-तीन ओळखीची माणसं होती. मला बघून उठले, काही झालंच नाही असे. "या मास्तर! कितवं लेकरू आणलं?" नव्या गाडीचं बॉनेट स्वतःच उघडलं अन् चहा मागवला. ग्लास इंजिनावर ठेवला तसा चहा थरथरायला लागला, दोन थेंब सांडले. भाई खळखळून हसले. "तीन पायाचं बाजलं हाय हे! त्याला दोष न्हाय, त्याची चालच अशी." मग ग्लास उचलला अन् बशी माझ्या हातात दिली. तीन वर्षांनी. ती बशी धरून मी म्हणालो, "भाई, तो ठोका मला ऐकू येत होता. पाच दिवस. चूक माझी होती." पण कसं म्हणालो? शेजारच्या माणसांना कळू नये म्हणून, मान खाली घालून, पुटपुटत. शिवी दिली ती दहा-बारा माणसांत घसा फाडून, अन् माफी मागायची वेळ आली तर आवाज फुटेना! भाई माझ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "व्हय, व्हय... औंदा थंडी लई हाय. चहा घ्या, निवतोय." त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी चहा प्यालो अन् निघालो. मनाशी म्हटलं, पुन्हा येऊ, एकटे असताना येऊ, कागदावर लिहून आणू. लिहिलाही होता. तो कागद गाडीच्या कप्प्यात महिने राहिला. मग शबानाचा फोन आला, अन् मी तोही घेतला नाही.

मातीनंतर चार आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो. हमीदाभाभींची, म्हणजे भाईंच्या बायकोची, इद्दत चालू आहे; नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषापुढं यायचं नसतं. म्हणून त्या दाराच्या पडद्याआड बसल्या, मी बाहेर खुर्चीत. ज्या बाईच्या हातच्या शेवया मी कितीतरी ईदला खाल्ल्या, तिचा नुसता आवाज ऐकत बसलो. मीच सुरुवात केली. या खेपेला मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असं म्हणालो, "भाभी, त्या इंजिनाची चूक भाईंची एकट्याची नव्हती. मला..." तर आतून त्या म्हणाल्या, "मालूम हाय मास्तर."

शबानानं आतून एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. भाभी म्हणाल्या, "इंजिन खोललं त्या दिवशी ह्यो पत्रा घेऊन घरी आले. मला दाखवला. म्हणले, 'हे बग, कसा तांब्यावाणी लाल झालाय, झिजून कागद झालाय. एका दिवसाचं काम न्हाय हे. चार-पाच दिवस ठोकलंय इंजिन. मला न्हाय ऐकू आलं, पर मास्तरला आलं आसंल.' मी म्हणले, मग चारचौघात सांगा की! तुमी एकलेच कामून बोल खाता? तर म्हणले, 'माझे कान तर गेलेतच, लोकांला आज न्हाय उद्या कळायचंच हाय. मास्तरकडं बायका-पोरी गाडी शिकायला येतेत. आवाज ऐकून बी गाडी घाटात नेली म्हणल्यावर कोण बसंल त्यांच्या शेजारी?'" मग म्हणाल्या, "हिवाळ्यात तुमी आल्ता, त्या दिवशी घरी येऊन मला म्हणले, 'मास्तर काय तरी बोलले. व्हट हालत व्हते, कळलं न्हाय. पर आले, बरं वाटलं.'"

मी त्या खुर्चीत बसून रडलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, भर दुपारी, दुसऱ्याच्या दारात. सांगायला लाज वाटत नाही आता.

डब्यात तो बेअरिंगचा झिजलेला अर्धगोल पत्रा होता, फडक्यात बांधलेला. अन् त्यांचा ग्लास. मंगळवारी मी उडवला होता तोच, काठाला टवका गेलेला. घरी आलो. जुनी पांढरी गाडी माझ्या अंगणात लिंबाखाली उभी असते. तिला शिकवणीला लावत नाही, पण विकवतही नाही. तिचं इंजिन चालू केलं. बायकोला चहा करायला सांगितला, काठोकाठ भरून तो ग्लास टॅपेट कव्हरवर ठेवला. तिथं इतकी वळी आहेत एकमेकांत अडकलेली की नवं कुठलं अन् जुनं कुठलं कळत नाही. चहा हलला नाही. भाईंनी घातलेला क्रँक चार वर्षांनंतरही तसाच फिरतोय. अन् मी त्या उघड्या बॉनेटपुढं उभा राहून शेडपुढं ओरडलो होतो तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "भाई, तो ठोका मला ऐकू येत होता!" शेजारचे दारात आले. बायको धावत बाहेर आली, म्हणाली, "कुणावर वरडायलाव?" मी म्हणालो, "वरडत न्हाय. सांगायलोय."

इंजिन बंद केलं. ग्लास उचलून माझ्या वाटणीचा अर्धा चहा बशीत ओतला अन् प्यालो. ग्लासातला अर्धा संध्याकाळपर्यंत तिथंच राहिला.